मुंगसानं कोंबडी नेली, दोन दिवसांची अकरा पिल्लं मागं राहिली. कशी जगवू?

मलप्रभाकाठ (सोमवार, सकाळी ७:४०)

नमस्कार. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. माझी गावठी कोंबडी तेरा अंड्यांवर बसली होती. बरोबर एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटायला लागली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा झाली. दोन अंडी वांझ निघाली. आज पहाटे मी खुराडं उघडलं, ती पिल्लं घेऊन परड्यात उतरली आणि कुंपणातनं मुंगूस आलं. मी काठी घेऊन धावेपर्यंत मान धरून नेली तिला. पिल्लं मात्र फणसाच्या मुळाशी पालापाचोळ्यात शिरून गप्प बसली होती. आवाजाच्या मागावर जाऊन एकेक काढली, अकराच्या अकरा मिळाली.

आता एका खोक्यात खाली वर्तमानपत्र घालून ठेवलीत, वर एलईडी बल्ब सोडलाय. सकाळपासून एकसारखी ओरडतायत. तांदळाची कणी टाकली, कुणी तोंड लावत नाही. बाहेर चार दिवस उघडीप नाही. आजवर हे सगळं कोंबडीच बघायची, मला फक्त डालग्याखाली झाकायचं आणि कणी टाकायचं माहीत. कुणी घरात पिल्लं वाढवली असतील तर लवकर सांगा.

निपाणीची_आक्का (सोमवार, सकाळी ८:०५)

बाई, आधी ऊब. खाणं नंतर. पिल्लू अंड्यातनं येताना पिवळ्या बलकाचा उरलेला भाग पोटात घेऊन येतं, त्यावर दोन-तीन दिवस निघतात. म्हणून तर हॅचरीवाले एका दिवसाची पिल्लं खोक्यात भरून एसटीनं लांबलांब पाठवू शकतात. भुकेनं ती आज मरणार नाहीत, गारठ्यानं संध्याकाळपर्यंत मरतील. ओरडतायत ती थंडीनं.

एलईडीला ऊब नसते. जुन्या पद्धतीचा तारेचा पिवळा बल्ब आण, साठ वॅटचा. अकरा पिल्लांना तो पुरतो. खोक्याच्या मधोमध नको, एका बाजूला सोड, म्हणजे ज्याला गरम होईल त्याला दुसरीकडं सरकता येईल. उंची पिल्लांच्या पाठीपासून हात-दीड हात. आणि बल्ब नुसता वायरवर लोंबकळत ठेवू नकोस. वर आडवी काठी टाकून होल्डर सुतळीनं दोन ठिकाणी बांध. पुठ्ठ्याचं खोकं आणि तापलेला बल्ब, एक गाठ सुटली तर घर पेटेल.

बल्ब येईपर्यंत बाटलीत गरम पाणी भर, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळ आणि खोक्यात आडवी ठेव. बघ कशी चिकटून बसतात.

आणि ते वर्तमानपत्र आत्ताच्या आत्ता काढ. कागदावर पाय घसरतात आणि मांड्या फाकतात. गोणपाटाचा तुकडा घाल.

मलप्रभाकाठ (सोमवार, सकाळी ८:५०)

आक्का, बाटली ठेवली. पाच मिनिटांत आवाज बंद झाला. सगळी बाटलीला पोट लावून झोपलीत. मला रडूच आलं.

बल्बसाठी मालकांना खानापुरात पाठवलंय. गोणपाट घातलं. पण एका पिल्लाचे पाय खरंच दोन्हीकडं पसरलेत, उभंच राहता येत नाही त्याला.

पशुवैद्यकीचा_विद्यार्थी (सोमवार, सकाळी ९:३०)

ताई, मी पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर चिकोडीकडं. पायाचं पहिल्या तीन-चार दिवसांत केलं तर बहुतेक वेळा सुधारतं. जखमेवर लावायची चिकटपट्टी लांबट कापा. दोन्ही पाय शरीराच्या बरोबर खाली आणून घोट्याच्या वर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळा. पायांत एक इंचभर अंतर राहू द्या. जुळवून बांधलं तर चालता येणार नाही. चिकट बाजू कातडीला लागू नये म्हणून मध्ये कापूस. रोज एकदा सोडून बघा, पाय सुजतोय का. तीन ते पाच दिवस लागतात. तोवर त्याला हातात धरून पाणी पाजायला लागेल, नाहीतर बाकीची त्याला तुडवतील.

पाण्याचं सांगतो. आज पहिल्यांदा पाणी द्याल ते कोमट द्या, तांब्याभर पाण्यात चमचाभर गूळ विरघळवून. प्रत्येक पिल्लाची चोच एकेकदा पाण्यात टेकवा, नाकपुड्या बुडवू नका. एकदा चव कळली की आपली आपण येतात. गुळाचं पाणी फक्त आजच्या दिवस, नंतर साधं. गोड पाणी आंबतं, माश्या येतात, पिल्लांचं पोट बिघडतं. भांडं उथळ पाहिजे आणि त्यात खडे भरा.

शहापूरची_वहिनी (सोमवार, सकाळी १०:१५)

खड्यांचं मनावर घ्या. मागल्या वर्षी माझ्या लेकानं हट्ट करून बाजारातनं रंगवलेली चार पिल्लं आणली, गुलाबी, हिरवी. मी आमटीच्या वाटीत पाणी ठेवलं. दुपारी येऊन बघते तर एक वाटीत पालथं पडलेलं. एवढं उथळ पाणी, पण भिजलं की त्यांना उठताच येत नाही, आणि भिजलेलं पिल्लू गारठतं. उरलेली तीनही आठवड्याभरात गेली. ती अंडी देणाऱ्या जातीचे नर असतात, हॅचरीला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून रंग लावून स्वस्तात विकतात, हे मला नंतर कळलं. लेक दिवसभर हातात घेऊन फिरायचा, त्याला कुणी सांगितलंच नाही की पिल्लाला झोप लागते. आईबापांनी ती रंगीत पिल्लं विकत घेऊ नयेत असं मला फार वाटतं.

ताई, घरात लहान पोरं असतील तर पिल्लं हाताळल्यावर साबणानं हात धुवायला लावा, गालाला लावू देऊ नका. पोरांना जुलाब होतात त्यानं.

कडोलीचा_अण्णा (सोमवार, दुपारी १२:२०)

बल्ब-बिल्ब सगळं ठीक, पण बाई, गावात कुणाची कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसलेली आहे का ते आधी बघ. आमच्या आईनं असली आईविना पिल्लं कितीदा दुसरीच्या पंखाखाली घातली. खुडूक कोंबडीला आपलं-परकं नसतं, पण तीन अटी आहेत.

एक, ती आठ-दहा दिवस तरी ठाण मांडून बसलेली पाहिजे, कालपरवा बसलेली चालत नाही. दोन, पिल्लं तीन-चार दिवसांच्या आतली पाहिजेत, मोठी झाली की ती तिची हाक ओळखत नाहीत. तीन, हे काम रात्री, पार अंधारात करायचं. बॅटरी लावायची नाही. एका हातानं खालची अंडी काढायची, दुसऱ्या हातानं पोटाखाली पिल्लं सारायची. पहाटे डोळे उघडते तेव्हा तिला वाटतं आपलीच फुटली. पिल्लांचा आवाज ऐकून तीच वेगळ्या सुरात कुकुकू करायला लागते. तो सूर आला की समज झालं.

पहाटे मात्र तिथं हजर राहा. एखादं पिल्लू टोचते का बघायला पाहिजे.

मलप्रभाकाठ (सोमवार, दुपारी २:४५)

अण्णा, देव पावला. वरच्या गल्लीतल्या गंगाक्काची कोंबडी दहा दिवसांपासून रिकाम्याच बुट्टीत बसलेय. अंडी काढून घेतली तरी उठत नाही, म्हणून तिला पाण्यात बुडवून खुडूकपणा मोडायच्या बेतात होत्या. गंगाक्का म्हणाल्या, सहा घाल, जास्त नको, कोंबडी लहान आहे.

बल्ब आला. शेजारच्या दुकानातनं चिक स्टार्टरची, म्हणजे पिल्लांच्या तयार खाद्याची, पिशवीपण आणली. पिशवीवर सगळं कन्नडमध्ये, शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं. आता खातायत. एकानं टोचलं की दुसरं बघून टोचतं.

निपाणीची_आक्का (सोमवार, दुपारी ३:३०)

गोणपाटावर मूठभर दाणा पसरून त्यावर बोटानं टकटक कर. कोंबडी चोचीनं असंच दाखवते. दोन दिवस पसरून दे, मग भांड्यात.

अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबड्यांचं खाद्य चुकूनही देऊ नकोस. त्यात चुना जास्त असतो, पिल्लांच्या मूत्रपिंडाला बाधतो. नुसत्या कणीवरही ठेवू नकोस. आमच्याकडं पूर्वी कणीवरच वाढायची म्हणतात, पण ती पिल्लं आईमागं फिरून दिवसभर किडे, वाळवी, मुंग्यांची अंडी खायची. खोक्यातल्या पिल्लाला ते कुठनं मिळणार? स्टार्टरमध्ये वीस टक्क्यांच्या पुढं प्रथिनं असतात, म्हणून ते बरं. कधी स्टार्टर संपलं तर उकडलेलं अंडं बारीक कुस्करून, मक्याचा भरडा, नाचणीचं जाडसर पीठ. आठवड्यानंतर परड्यातली जुनी शेणी उलटी कर, खालची वाळवी खोक्यात झाड. त्यावर कशी तुटून पडतात बघ.

गोव्याकडनं येणारं सुकं मासळीचं कूट काहीजण घालतात. मिठातलं असेल तर नको, पिल्लाला मीठ सोसत नाही. आणि या पावसात शेंगदाण्याची पेंड तर नकोच. कुबट वास आला, जाळी दिसली की उकिरड्यावर टाक. त्या बुरशीनं माझी चाळीस पिल्लं एका आठवड्यात गेली होती. यकृत पिवळं पडलं होतं, डॉक्टरांनी चिरून दाखवलं.

सीमेवरचा_शेतकरी (सोमवार, रात्री ८:००)

हुक्केरीकडं आहे मी. तीन वर्षांपूर्वी पंचवीस गिरिराज आणली होती. जात चांगली, बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात तयार केलेली, परड्यात फिरून वाढते, अंगानं भरते. पण असल्या सुधारित जातीच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणजे पिल्लं कायम आईविनाच येणार. आईचं काम आपल्याच गळ्यात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या रात्री चौकोनी पेटीत ठेवली. मध्यरात्री बल्ब उडाला. सकाळी बघतो तर सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली. वरची जिवंत, खालची नऊ गुदमरून गेलेली. एकाच्याही अंगावर जखम नाही, सगळी चपटी झालेली. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून मी कोपरा ठेवत नाही. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल कडा करतो, फूट-दीड फूट उंच. खाली तीन बोटं भाताचं तूस, त्यावर पहिले चार दिवस गोणपाट. आणि एकाऐवजी दोन बल्ब. चाळीस-चाळीस वॅटचे दोन लावा, पण एकावर भरवसा ठेवू नका. एक उडाला तरी दुसरा चालू राहतो.

पशुवैद्यकीचा_विद्यार्थी (सोमवार, रात्री ९:१०)

दादांचं म्हणणं सोळा आणे खरं. तापमानाचं गणित असं: पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला सुमारे ३५ अंश सेल्सिअस. मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं, म्हणजे बल्ब थोडा थोडा वर उचलायचा. चौथ्या आठवड्यापर्यंत अंगावर बऱ्यापैकी पिसं येतात, तेव्हा दिवसा बल्ब बंद. जांबोटीच्या पावसात मी रात्रीचा अजून आठवडाभर चालू ठेवीन.

तापमापक नसला तरी अडत नाही, पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट केला तर थंडी वाजतेय. बल्बपासून लांब, चोच उघडी, पंख सोडलेले, तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला दाटली तर दुसऱ्या बाजूनं वारं लागतंय, फट शोधा. इकडंतिकडं पसरलेली, काही खातायत, काही पाय ताणून आडवी झोपलीत, तर ऊब बरोबर आहे. पहिल्यांदा पाय ताणून झोपलेलं पिल्लू बघून लोक मेलं म्हणून घाबरतात. ते सुखानं झोपलेलं असतं.

मलप्रभाकाठ (मंगळवार, सकाळी ७:००)

रात्री दहाला गंगाक्काकडं गेलो. अंधारात, छत्री घेऊन, पिल्लं माझ्या पदरात. एकेक सारलं. कोंबडी जरा गुरगुरली, मग पंख सैल सोडले. चार वाजता जाऊन दाराआड बसले.

उजाडायला लागलं तसा तिच्या पोटाखालनं आवाज आला. अण्णा, तुम्ही म्हणाला होता तो सूर. कुक् कुक् कुक्, एकदम खालच्या आवाजात. अंगावर काटा आला. पाच पिल्लं तिच्या छातीच्या पिसांतनं डोकी काढून बघत होती. सहावं काळं, बाकी सगळी पिवळट तांबूस. ते बाहेर आलं तसं तिनं त्याच्या डोक्यावर चोच मारली. परत मारली. मी उचलून घेतलं. डोक्यावर रक्ताचा ठिपका होता, हळद लावली. आता ते घरच्या खोक्यात, म्हणजे इथं सहा आणि तिथं पाच.

कडोलीचा_अण्णा (मंगळवार, सकाळी ७:३५)

रंग वेगळा असला की कधीकधी तसं करते. परत घालायचा प्रयत्न करू नकोस. डोक्यावरचा डाग बाकीच्यांना दिसू देऊ नको, लाल दिसलं की पिल्लंसुद्धा टोचत सुटतात. हळद जाडसर लाव, झाकेल.

नवखा_कुक्कुटपालक (मंगळवार, सकाळी ११:००)

पाण्यातनं अँटिबायोटिकची पावडर पहिल्या दिवसापासून चालू करा ताई. मेडिकलमध्ये पिवळी पुडी मिळते. आमच्या इथं सगळे देतात.

पशुवैद्यकीचा_विद्यार्थी (मंगळवार, सकाळी ११:४०)

दादा, राग मानू नका, पण याला माझा स्पष्ट विरोध आहे. आजार नसताना अँटिबायोटिक दिलं तर पोटातले चांगले जंतूही मरतात, आणि खरा आजार आला की तेच औषध चालत नाही. उद्या त्याच कोंबडीची अंडी आपलीच पोरं खाणार. जीवनसत्त्वं आणि क्षारांचं पाणी दोन-तीन दिवस द्यायला हरकत नाही. अँटिबायोटिक डॉक्टरांनी बघून सांगितल्याशिवाय नाही.

खरा खर्च करायचा तो लसीवर. पाचव्या ते सातव्या दिवसात लासोटा, डोळ्यात एक थेंब. ही मानमोडीची लस. कन्नड डॉक्टर त्याला कोक्करे रोग म्हणतील, पुस्तकात राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरनं ते नाव पडलं. मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, हिरवी हगवण लागते, आणि एकदा आला की गल्लीच्या गल्ली साफ होते. त्याला औषध नाही, फक्त लस आहे. चौथ्या आठवड्यात परत एकदा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी या त्याच रोगाच्या दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. हॅचरीची पिल्लं असतील तर चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगाचीही लस द्यायची.

मलप्रभाकाठ (मंगळवार, दुपारी १:००)

अकरा पिल्लांसाठी लस देतात का? दुकानात विचारलं तर म्हणाले शंभर डोसची बाटली आहे, सुटी नाही.

निपाणीची_आक्का (मंगळवार, दुपारी १:३०)

तेच तर सगळ्यांचं अडतं. गल्लीतल्या बायकांना गोळा कर. एक बाटली, एक सकाळ, सगळ्यांची पिल्लं. आमच्याकडं पैसे वाटून घेतो, घरटी वीस-तीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. पण बाटली फोडली की दोन तासांत संपवायला पाहिजे, आणि फोडेपर्यंत बर्फात. थर्मासमध्ये बर्फ घालून आण, पिशवीतनं हलवत उन्हातनं आणली तर ते नुसतं पाणी झालं समज. सकाळी लवकर करा. थेंब टाकला की लगेच सोडू नका, पिल्लू डोळा मिटून उघडेपर्यंत धरा.

सरकारी पशु दवाखान्यात आधी विचार. कधी शिबिर असतं तेव्हा तेच येतात.

शहापूरची_वहिनी (मंगळवार, दुपारी ४:००)

तिथं गेलात की फक्त "कोळी मरी, लसिके" एवढं म्हणा, पुढचं त्यांना कळतं. लसिके म्हणजे लसच. माझं कन्नड तेवढंच आहे, आजवर कधी अडलं नाही. उलट तिथल्या बाई मला बसवून घेऊन सगळं समजावतात.

मलप्रभाकाठ (गुरुवार, रात्री १:२०)

कुणी जागं आहे का? साडेनऊपासून करंट नाही. वारं-पाऊस जोराचं. बाटल्या गरम करून ठेवतेय, पण तासाभरात गार होतायत. शेगडीत कोळसे घालून खोलीत ठेवू का?

सीमेवरचा_शेतकरी (गुरुवार, रात्री १:२८)

जागा आहे. कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नको! पिल्लंही जातील आणि तुम्हीही. कोळशातनं निघणाऱ्या विषारी वायूला वास येत नाही.

घरात खानापुरी मडकं असेल ना, जाड बुडाचं? त्यात उकळतं पाणी भरा, वर ताटली, भोवती पोतं गुंडाळा आणि कड्याच्या मधोमध ठेवा. जाड मातीचं मडकं प्लॅस्टिकच्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त वेळ ऊब धरतं. वरनं डालगं पालथं घाला, त्यावर घोंगडं, एका बाजूला चार बोटं फट ठेवा. हवा पाहिजे.

मलप्रभाकाठ (गुरुवार, पहाटे ५:५०)

केलं तसंच. मडकं दोनदा भरलं. पहाटे करंट आला. एक गेलं. सहातलं सगळ्यात बारीक होतं, कालपासूनच डोळे मिटून उभं राहायचं. बाकीची पाच आहेत. काळं तर मडक्याला पाठ लावून बसलं होतं रात्रभर.

दादा, त्या वेळी तुम्ही उत्तर दिलंत हे मी विसरणार नाही.

पशुवैद्यकीचा_विद्यार्थी (गुरुवार, सकाळी ८:००)

मेलेलं पिल्लू ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, कुत्रं उकरणार नाही एवढं खोल पुरा, वर चुना. एक-दोन अशक्त पिल्लं जातात, ते तुमचं चुकलं असं समजू नका. पण कधी एकदम पाच-दहा कोंबड्या पटापट मेल्या तर न लपवता दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या.

बाकीच्या पाचांची मागची बाजू बघा. गारठा लागून गेला की शी तिथंच चिकटून वाळते आणि भोक बंद होतं. ओढून काढू नका, कातडी निघते. कोमट पाण्यात कापूस भिजवून दोन मिनिटं धरा, सुटतं. पुसून कोरडं करा आणि खोबरेल तेलाचं बोट लावा.

मलप्रभाकाठ (गुरुवार, सकाळी ९:१५)

दोघांचं तसंच होतं! सुपारीएवढा खडा झालेला. साफ केल्यावर एकानं लगेच एवढी शी केली की माझा हात भरला. आणि फाकलेल्या पायाचं पिल्लू आज पट्टीसकट चार पावलं चाललं.

मलप्रभाकाठ (पुढचा सोमवार, दुपारी १२:००)

लस झाली. गंगाक्कांच्या सोप्यात सात घरच्या बायका जमल्या, सत्तेचाळीस पिल्लं. दवाखान्यातल्या बाई स्वतः बर्फाची पेटी घेऊन आल्या. त्या कन्नड बोलत होत्या, गंगाक्का मराठीत उत्तरं देत होत्या, मध्ये शेजारचा पोरगा. एकेक पिल्लू मुठीत, डोळा वर, एक थेंब. आमच्या काळ्यानं डोळा मिटायला सगळ्यात जास्त वेळ लावला, बाई हसून थांबल्या. पट्टी काल काढली, पाय सरळ आहेत.

तूस मात्र ओलं व्हायला लागलंय. हवेतच दमट आहे.

निपाणीची_आक्का (पुढचा सोमवार, दुपारी १२:४०)

रोज सकाळी काडीनं खालीवर कर, पाण्याच्या भांड्याखालचं ओलं तेवढं उचलून टाक, नवं वाळलेलं घाल. भांडं विटेवर ठेव म्हणजे उकरून सांडणार नाहीत. मुठीत दाबलं की गोळा झाला तर ओलं, भुरभुर सुटलं तर बरोबर. ओल्या तुसाला बुरशी आली की पिल्लं आ करून श्वास घेतात. तीन आठवड्यांच्या पुढं त्याच ओलीनं रक्ती हगवण लागते. शीमध्ये लाल दिसलं, पिसं फुगवून कोपऱ्यात उभं राहिलं, की त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. त्याला औषध आहे, पण उशीर चालत नाही.

मलप्रभाकाठ (पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:३०)

बरेच दिवस लिहिलं नाही. भाताची लावणी चालू होती.

घरची पाच आणि गंगाक्काकडची पाच, दहाही आहेत. दुसरा थेंबही झाला. बल्ब आता फक्त जोराच्या पावसाच्या रात्री. परड्याचं कुंपण खालनं हातभर बारीक जाळीनं बांधून घेतलं, जाळी वीतभर मातीत पुरली. मुंगूस परवा येऊन बघून गेलं.

एक फरक दिसला तो लिहिते. गंगाक्काकडची पाच घारीची सावली पडली की क्षणात झुडपात शिरतात. कोंबडी एक लांब आवाज काढते आणि ती गायब. माझ्याकडची पाच वर बघत उभी राहतात. त्यांना तो आवाज कुणी शिकवलाच नाही. म्हणून चार दिवस झाले, मी त्यांना दुपारी गंगाक्काच्या परड्यात सोडते. कोंबडी त्यांना जवळ घेत नाही, पण हाकलतही नाही. काल घार आली तेव्हा काळं सगळ्यात आधी पळालं.

अण्णा, त्या काळ्याचा तुरा बाकीच्यांपेक्षा लवकर लाल व्हायला लागलाय. कोंबडा असेल का? गंगाक्का म्हणतात तलंग, म्हणजे मादी, आहे.

कडोलीचा_अण्णा (पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:१०)

पाच आठवड्यांत तुरा लाल म्हणजे कोंबडाच. पाय जाड आहेत का बघ, आणि मानेवरची पिसं टोकदार यायला लागलीत का. महिन्याभरात आरवायचा प्रयत्न करील, आधी घसा बसल्यासारखा आवाज येतो. फोटो टाक.